फाळके खरंच इतके हसरे होते का?

वाचकाचं पत्र

ताई,

नाशिकमधल्या आमच्या इमारतीत आम्ही बारा-चौदा जण दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकत्र सिनेमा बघतो. वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला, तळमजल्यावरच्या हॉलची एक भिंत पांढरी करून घेतली. दोन महिन्यांपूर्वी दादासाहेब फाळक्यांवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला. मुलं खूश झाली. पण सिनेमा संपल्यावर माझे सासरे, अण्णा, उठून म्हणाले, "हे अर्धंच सांगितलंय. फाळके याच नाशकात कसे गेले ते कुठंय? जो माणूस एवढा झिजला त्याची नुसती गंमत दाखवली." त्यावर माझा पुतण्या पटकन बोलून गेला, "आजोबा, तुम्हाला रडका सिनेमाच खरा वाटतो." अण्णा काही न बोलता वर निघून गेले. तेव्हापासून खाली आलेले नाहीत. त्यांचे वडील त्यांना लहानपणी फाळक्यांच्या गोष्टी सांगायचे, त्यामुळे त्यांना ते फार लागलं.

पुढच्या महिन्यात सगळे म्हणाले, आता जुने सिनेमे बघू. मी फोनवर शोधून दहा नावांची यादी केली आणि पहिलाच 'संत तुकाराम' लावला. अर्ध्या तासात निम्मे लोक फोन बघायला लागले, मध्यंतरानंतर सहाच उरले. पुतण्या कॉलेजात तबला वाजवतो, त्याला जुन्या गाण्यांची आवड आहे, तोसुद्धा कंटाळला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा चरित्रपट खोटा असतो का? जुने सिनेमे कोणते आणि कुठल्या क्रमाने दाखवू? आणि अण्णांना परत खाली कसं आणू?

– एक सून, नाशिक

*

प्रिय सूनबाई,

तुमचं पत्र वाचताना मी अण्णांच्या वाक्यापाशी दोनदा थांबले. 'जो माणूस एवढा झिजला.' हे वाक्य सिनेमावर चिडलेल्या माणसाचं वाटत नाही. आपल्या गावात राहून गेलेल्या एका माणसाबद्दलची ही माया आहे आणि ती वडिलांकडून आलेली आहे. म्हणून आधी अण्णांची बाजू घेते. त्यांचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे.

परेश मोकाशींचा हा सिनेमा धुंडिराज गोविंद फाळक्यांच्या आयुष्यातली मोजकी दोन-तीन वर्षं घेतो. छापखान्याच्या भागीदारीतून ते बाहेर पडले तिथून सुरुवात होते. मग गिरगावात तंबूत पाहिलेला ख्रिस्ताचा चित्रपट, त्याचं लागलेलं वेड, विकलेलं घरातलं सामान, बिघडलेले डोळे, लंडनची वारी आणि १९१३ साली पडद्यावर आलेला 'राजा हरिश्चंद्र'. जिंकण्याचा काळ एवढाच. फाळके जन्मले १८७० साली त्र्यंबकेश्वरला आणि वारले १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर तीस वर्षं उरतात, आणि त्याआधीची चाळीस.

आधीच्या चाळिसात काय होतं? जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा. तिथेच प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नकाशे-चित्रं काढण्याची नोकरी, मग रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम. मधेच जादूचे प्रयोग, आणि त्यासाठी 'प्रोफेसर केळफा' हे नाव, म्हणजे आडनावच उलटं केलेलं. नंतरच्या तिसात नाशकातली हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी वाद, राजीनामा देऊन काशीला जाणं, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिणं, पुन्हा परत येणं. मग बोलपट आले. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून केलेला, त्याला नंतर आवाज चढवावा लागला. साठी उलटल्यावर कोल्हापूरला जाऊन 'गंगावतरण' केला, १९३७ साली. तो त्यांचा शेवटचा. पुढे नाशकातली वर्षं. ती अण्णांच्या वडिलांनी जवळून पाहिलेली असणार.

ह्यातलं फारसं काही त्या सिनेमात नाही. म्हणून 'अर्धंच सांगितलंय' हे खरं. उलट मी म्हणेन, अर्धंही नाही.

पण अर्धं सांगणं आणि खोटं सांगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुतण्याला जे कळलं तेही मला खोटं वाटत नाही. फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात आपली हकीकत स्वतः लिहिली आहे. ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर सरकत असताना आपल्या मनापुढून राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या कशी जात होती, हे त्यांनी तिथे सांगितलंय. ते वाचताना कष्टाने पिचलेला माणूस दिसत नाही. डोक्यात काहीतरी शिरलंय आणि आता झोप येणार नाही, असा माणूस दिसतो. विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले, सावकाराला पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरून तो रोज थोडाथोडा टिपला आणि रोप पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं. असं करणाऱ्या माणसाच्या अंगात खेळकरपणा असल्याशिवाय हे जमत नाही. नंदू माधवांनी फाळके हसरे केले ते त्या खेळकरपणाला धरून. दिग्दर्शकाने एक फाळके निवडले आणि त्या एकाशी तो प्रामाणिक राहिला.

आणि फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी, सरस्वतीबाई! विभावरी देशपांडेंनी त्या उभ्या केल्या आहेत, आणि माझ्या मते हा सिनेमा त्यांच्यामुळे खरा झाला. त्या काळी लंडनहून कच्ची फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. कॅमेऱ्याच्या दात्यांवर ती धावायची तर दोन्ही कडांना एकसारखी भोकं पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाई रात्री बसून करत. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री अंधारात यंत्रावर हात. अण्णांना विचारा, हे त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं का. नसेल सांगितलं तर ह्या सिनेमाने अण्णांनाही एक गोष्ट नवी दिली.

आता एक अवघड गोष्ट, पण बोलायलाच हवी. तुम्ही नंतर 'संत तुकाराम' लावलात. तोही चरित्रपटच आहे. अण्णांच्या पिढीने तो डोक्यावर घेतला, माझ्या आजीनेही घेतला. त्यात वैकुंठाचं विमान खाली येतं. 'आधी बीज एकले' हे त्यातलं पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटतं. प्रत्यक्षात ते शांताराम आठवल्यांनी १९३६ साली ह्या सिनेमासाठी लिहिलं. तुकोबांच्या गाथेत न सापडणारं पद तुकोबांच्या तोंडी घातलं आणि ते इतकं तुकोबांचं झालं की लोक भजनात म्हणतात. ह्याला खोटं म्हणायची अण्णांची तयारी आहे का? माझी नाही. मग फाळक्यांच्या सिनेमाला तरी खोटं का म्हणायचं?

हे अण्णांना वादात जिंकण्यासाठी ऐकवू नका. पुतण्याने तर मुळीच नको. पण तुम्ही मनाशी धरून ठेवा, कारण चरित्रपट बघून उठल्यावर विचारण्यासारखं ह्यातूनच निघतं. सिनेमाने आयुष्याचा कुठला तुकडा घेतला, तो का घेतला, आणि उरलेलं कोणाकडून कळेल? तुमच्या बाबतीत तिसऱ्याचं उत्तर तुमच्याच घरात, वरच्या मजल्यावर बसलंय.

*

आता यादीकडे येते.

तुमची चूक 'संत तुकाराम' निवडण्यात झाली नाही. तो माझ्या दृष्टीने मराठीतला सर्वांत मोठा सिनेमा आहे. चूक झाली ती तो कशाच्या पाठोपाठ लावला त्यात. फाळक्यांच्या सिनेमातून बाहेर पडलेल्या मुलांच्या डोक्यात कॅमेरा, भोकं पाडलेली फिल्म, साडी नेसून वावरणारे पुरुष नट हे सगळं घोळत होतं. त्यांना लगेच देहूत नेलंत. त्यांना पुढे हवं होतं ते फाळक्यांनी प्रत्यक्ष काय केलं ते. 'हे सगळं झालं खरं, पण तो सिनेमा कुठाय? दाखव ना!' असं मनात आलं असेल तेव्हाच ते दाखवायला हवं.

म्हणून पहिला शनिवार फाळक्यांच्या स्वतःच्या सिनेमाचा. 'राजा हरिश्चंद्र'चा आज थोडाच भाग उरलाय, आणि तोही १९१३ चा नसून १९१७ साली त्यांनी पुन्हा केला त्यातला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. तरी दाखवा. तारामती कोण आहे ते मुलांना आधी सांगू नका, नंतर सांगा. १९१३ मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या. त्याच साळुंक्यांनी पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केलं. आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर लगेचच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. ह्या कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. हे सांगितलंत की मागच्या रांगेतल्या बायका 'अगंबाई' म्हणतील, बघा.

त्याच संध्याकाळी 'कालिया मर्दन'. १९१९ चा, आणि फाळक्यांच्या सिनेमांमध्ये बऱ्यापैकी उरलेला. बाळकृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलंय, सहा-सात वर्षांची पोर. सिनेमाच्या सुरुवातीलाच फाळके तिला कॅमेऱ्यासमोर नुसतं बसवतात आणि तिचा चेहरा दाखवतात. ती हसते, रागावते, घाबरते, रुसते. गोष्ट अजून सुरूच झालेली नाही, पण ह्या लेकीला काय काय करता येतं हे बाप जगाला दाखवतोय. तो भाग चालू असताना इमारतीतल्या लहान मुलांकडे बघा. माझ्या ओळखीच्या एका घरात हा तुकडा लावला तेव्हा पाच वर्षांच्या मुलाने भिंतीजवळ जाऊन तिच्यासारखी तोंडं करायला सुरुवात केली, आणि सगळं घर सिनेमा सोडून त्याच्याकडे बघत बसलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलीशी तो खेळत होता.

मूकपट शांततेत बघू नका. त्या काळीही कोणी शांततेत बघत नव्हतं. पडद्यापाशी पेटी-तबला असायचा आणि दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा कोणीतरी असायचा, कारण वाचता न येणारे खूप. तुमच्याकडे तबला आहे. पुतण्याला म्हणावं, सिनेमा आदल्या आठवड्यात दोनदा एकट्याने बघ, कुठे काय वाजवायचं ते ठरव. कालिया डोहातून वर येतो तिथे काय, गोपांचा खेळ चालू असताना काय. त्याला जुना सिनेमा कंटाळवाणा वाटला कारण त्यात त्याला करण्यासारखं काही नव्हतं. एकदा हात चालायला लागले की बघणंच बदलतं.

आणि पाट्या वाचायला अण्णा. त्याबद्दल खाली सांगते.

दुसरा शनिवार 'कुंकू'चा, १९३७. मधे 'अयोध्येचा राजा' येतो, प्रभातचा पहिला मराठी बोलपट, १९३२. तो सगळा दाखवू नका. आवाज जुना आहे आणि मंडळी दमतील. दुर्गा खोट्यांची तारामती पंधरा मिनिटं दाखवा, एवढंच. साळुंक्यांच्या तारामतीनंतर एकोणीस वर्षांनी बाई तारामती झाली, हे डोळ्यांनी दिसलं की पुरे. मग 'कुंकू'. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी केलेला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, आणि ती त्या लग्नाला 'हो' म्हणत नाही. शेवटपर्यंत म्हणत नाही. घरातला मोठा सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती छडी घेऊन त्याला झोडते. शांता आपट्यांच्या हातातली ती छडी एकदा बघितली की मराठी सिनेमातली जुनी बाई म्हणजे रडणारी बाई हा समज कायमचा जातो. पुतण्याला 'रडका' म्हणायला जागाच राहणार नाही.

अजून एक गोष्ट ह्या सिनेमात कानाने ऐका. मागे वाजणारं संगीत नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, घरातला ग्रामोफोन, जे त्या जागी खरंच वाजत असेल तेवढंच. तुमच्या तबलावाल्याला हे आधी सांगा, तो दोन तास कान देऊन बसेल.

तिसऱ्या शनिवारी 'संत तुकाराम' पुन्हा लावा. पुन्हाच. पण ह्या वेळी सुरुवातीला दोन मिनिटं बोला. तुकोबांचं काम करणारे विष्णुपंत पागनीस आधी रंगभूमीवर बायकांच्या भूमिका करायचे, म्हणजे साळुंक्यांच्याच वाटेवरचे. दामले-फत्तेलाल ह्या दोन दिग्दर्शकांतला एक हिंदू घरातला आणि दुसरा मुसलमान घरातला, आणि दोघं मिळून तुकोबा करतात. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या मोजक्या चांगल्या सिनेमांत ह्याची गणना झाली. एवढं पुरे. जास्त बोललात तर शाळेचा तास होतो.

आणि तुकोबांकडे बघू नका म्हणावं, जिजाईकडे बघा. मी हा सिनेमा पहिल्यांदा आजीबरोबर पाहिला, दहा-अकरा वर्षांची असताना. पहिला अर्धा तास मीही झोपले होते. मग पोर आजारी पडतं, घरात दाणा नाही, नवरा देवळात, आणि जिजाई चिडून हातात चप्पल घेते आणि थेट विठोबावर चालून जाते. माझी आजी वारीला जाणारी, गळ्यात माळ घातलेली. ती अंधारात खुर्चीच्या कडेवर सरकून म्हणाली, "दे, दे त्याला एक!" मी खडबडून जागी झाले. मी आजीकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू. देवाला चपलेने मारायला निघालेल्या बाईच्या बाजूने माझी माळकरी आजी उभी राहिली होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण जिजाईला ह्या संसाराचं ओझं कळतं, जे तुकोबांनी सोडून दिलंय. त्या दिवसानंतर हा सिनेमा मी कितीदा पाहिला ते मोजलं नाही. दर वेळी गौरीबाईंची जिजाई मला तुकोबांइतकीच मोठी वाटते. ती रागावते तेव्हा घर खरं होतं. घर खरं झालं म्हणून शेवटचं विमानही खपतं.

तुमच्या मंडळींत स्वयंपाकघर चालवणाऱ्या बायका असतील तर ह्या प्रसंगाला त्या हसतील आणि गप्पही होतील. तेवढं झालं की पुढचा सिनेमा आपोआप चालतो.

चौथा आणि पाचवा शनिवार जोडीने घ्या, आणि हा माझा सर्वांत लाडका धागा आहे. आधी 'सांगत्ये ऐका', १९५९, अनंत माने. पुण्यात विजयानंदला तो दोन वर्षांहून जास्त चालला. 'बुगडी माझी सांडली गं' त्यातलंच, जयश्री गडकर त्यावर नाचल्या. पण हंसा वाडकरांकडे लक्ष ठेवा. त्यांनी पुढे स्वतःची हकीकत सांगितली, तिचंही नाव 'सांगत्ये ऐका'च ठेवलं गेलं. आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला, स्मिता पाटीलला घेऊन. ह्यात नावं बदललेली आहेत, बाईचं नाव उषा आहे. स्मिताला ह्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाव बदललेलं असूनही जो खरा वाटतो असा चरित्रपट बघायचा असेल तर हाच. फक्त हा लहान मुलांना घेऊन बघू नका, मोठ्यांची रात्र ठेवा. 'भूमिका' झाल्यावर ज्याला हवं त्याला हंसाबाईंचं पुस्तक वाचायला द्या. पडद्यावरच्या बाईने सांगितलेलं, मग तिने स्वतः सांगितलेलं, मग दुसऱ्याने तिच्याबद्दल सांगितलेलं, हे तिन्ही एकापाठोपाठ बघितलं की 'चरित्रपट खोटा असतो का' ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मंडळी आपापसात शोधतील, मला लिहावं लागणार नाही.

गणपतीत हलकं काही हवं असेल तर 'एक अलबेला' आणि पाठोपाठ १९५१ चा 'अलबेला'. भगवानदादांवरचा चरित्रपट आणि भगवानदादांचा स्वतःचा सिनेमा. 'भोली सूरत'वरची ती पावलं बघून पोरं म्हणतील, हे तर आपण मिरवणुकीत करतो! ती पावलं कोणाची हे त्यांना आयुष्यभरासाठी कळेल.

'श्यामची आई', 'सामना', 'सिंहासन' वगैरे मी मुद्दाम ठेवलेत. ते तुमच्या यादीत असतीलच. एकदा मंडळींना गोडी लागली की ते कुठेही बसतात.

*

काही व्यवहाराच्या गोष्टी. जुन्या सिनेमात लोक फोन काढतात ते कंटाळ्याने कमी आणि ऐकू न आल्याने जास्त. प्रोजेक्टरच्या पोटातला छोटा स्पीकर ह्या सिनेमांना चालत नाही. शब्द चिरकतात आणि दहा मिनिटांत लोक ऐकण्याचा नाद सोडतात. कोणाच्या घरी चांगला स्पीकर असेल तर तो भिंतीच्या खाली, पडद्याच्या मधोमध ठेवा, छताला नको. सिनेमा लावण्याआधी स्वतः पहिली दहा मिनिटं त्याच हॉलमध्ये, मागच्या खुर्चीत बसून बघा. तुम्हाला संवाद कळले नाहीत तर त्यांनाही कळणार नाहीत. मग दुसरी प्रत शोधा किंवा तो सिनेमा पुढे ढकला. वाईट प्रत दाखवून चांगला सिनेमा घालवू नका.

मध्यंतर ठेवा, चहा ठेवा. चर्चा सिनेमा संपल्या संपल्या नको. फाळक्यांच्या वेळी तुमच्याकडे भांडण झालं ते दिवे लागल्यावर दुसऱ्याच मिनिटाला. मनात सिनेमा अजून चालू असतो आणि कोणीतरी मत मागतं. आधी खुर्च्या आवरा, चटया गुंडाळा, मग बोला.

आणि आता अण्णा.

माफी मागायला पुतण्याला वर पाठवू नका, निदान आधी नको. तो मान खाली घालून 'सॉरी आजोबा' म्हणेल, अण्णा 'असू दे' म्हणतील आणि दोघंही जिथल्या तिथे राहतील. त्याला एक काम घेऊन पाठवा. तो 'कालिया मर्दन' एकदा बघून झाला की त्याने अण्णांकडे जावं आणि खरंखुरं विचारावं, 'आजोबा, कृष्ण डोहात उडी मारतो तिथे मी काय वाजवू? आणि मधल्या पाट्या तुम्ही वाचाल का? माझा आवाज तबल्यावरून पोचणार नाही.' हे नाटक नको. त्याला खरंच अडलेलं असायला हवं, आणि मूकपटाला साथ करायला बसलेल्या मुलाला ते अडतंच.

तुम्ही स्वतः अण्णांकडे वेगळं जा. 'तुमचं बरोबर होतं, शेवट राहिला' एवढंच म्हणा. मग विचारा, 'कालिया मर्दन' संपल्यावर तुम्ही तो शेवट सांगाल का? नाशिकची कंपनी, काशी, बोलपट, 'गंगावतरण', आणि तुमचे वडील काय सांगायचे ते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, जेवढं येईल तेवढं. कागदावर लिहून काढायला तुम्ही बसा त्यांच्याबरोबर, म्हणजे तारखा सुटणार नाहीत. तारखा सुटल्या तर ते स्वतःवरच चिडतील.

ते लगेच 'हो' म्हणणार नाहीत. दोन महिने वर बसलेल्या माणसाला जिना उतरायला थोडा वेळ लागतो. पहिल्या वेळी नुसत्या पाट्या वाचल्या तरी चालेल. कदाचित तेही नाही, मागे उभे राहून ऐकतील. तसं झालं तरी पुतण्याने तबल्यावरून मान वर करून त्यांच्याकडे बघायला विसरू नये.

एकच शेवटचं. पडद्यावरच्या पाट्या वाचायला त्यांना दुसऱ्या रांगेत, डाव्या कडेची खुर्ची द्या. मागे बसवलं तर प्रोजेक्टरच्या पंख्याच्या आवाजात त्यांचा आवाज हरवेल आणि मधे बसवलं तर उठता येणार नाही. लांबचं दिसण्यासाठी चष्मा वेगळा असेल तर तो आठवणीने वरून आणा, आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा.

– तुमची ताई